प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगणक-मोबाईलचा वापर किती चांगला होतो, हे नेमकं कसं तपासायचं?

तुम्हाला वीसेक केंद्रांची पाहणी करायची आहे. प्रश्नावली तयार आहे आणि तीत संगणक किती, इंटरनेट आहे का, प्रशिक्षण झालं का असे प्रश्न आहेत. ती भरून घ्या, पण तिच्यातून वापराबद्दल फारसं हाती लागणार नाही. यंत्र असणं, ते चालू असणं, त्यात नोंद होणं, ती नोंद खरी असणं आणि तिच्या आधारे कुणी काही ठरवणं, या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. बहुतेक पाहण्या पहिल्या दोन पायऱ्यांवरच संपतात. तुम्ही शेवटच्या तीनपासून सुरुवात करा. तिथे काय अडतंय ते दिसलं की यंत्रांबद्दल काय विचारायचं तेही कळेल.

पहिलं काम फेरमोजणीचं. दोन-तीनच निर्देशक निवडा, उदाहरणार्थ गरोदर मातांची पहिली तपासणी, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या एकत्रित) लसीचा तिसरा डोस आणि रक्तदाबाचे नवे रुग्ण. मागचे तीन महिने घ्या. मूळ रजिस्टरमधल्या ओळी स्वतः मोजा आणि त्या आकड्याला संगणक-मोबाईलवरच्या प्रणालीतल्या आकड्याने भागा. रजिस्टरमध्ये ८४ आणि प्रणालीत ११२ असतील तर गुणोत्तर ०.७५ येतं, म्हणजे आकडा फुगलेला आहे. ०.९० ते १.१० च्या आत असेल तर साधारणपणे ठीक मानतात. इथे एक चूक हमखास होते: सगळ्या केंद्रांची सरासरी काढली जाते. एकाचं ०.७ आणि दुसऱ्याचं १.३ असेल तर सरासरी बरोबर १ येते आणि दोन्ही दोष झाकले जातात. म्हणून किती केंद्रं मर्यादेबाहेर आहेत ते सांगा. केंद्र पूर्ण कागदविरहित असेल तर दुसऱ्या बाजूने ताडून बघा. उघडलेल्या कुप्या गुणिले कुपीतले डोस, यापेक्षा लसीकरण झालेली मुलं जास्त दिसत असतील तर नोंदीत गडबड आहे.

दुसरं काम वेळेच्या शिक्क्यांचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रणाली आपोआप ठेवते त्या नोंदवहीत, प्रत्येक नोंद कधी भरली ते असतं. तपासणीची तारीख आणि नोंद भरल्याची तारीख यांतलं अंतर काढा. महिनाअखेरीला एका दुपारी, एकाच लॉगिनवरून, ४० मिनिटांत ६० रुग्ण भरले गेले असतील, तर ते रुग्णासमोर बसून केलेलं काम नव्हे. रजिस्टरवरून उतरवलेला मजकूर आहे. अशा ठिकाणी अ‍ॅपमधल्या धोक्याच्या सूचना, औषधांबद्दलचे इशारे, पुढच्या भेटीच्या आठवणी सगळं निरुपयोगी ठरतं, कारण रुग्ण तेव्हा केव्हाच घरी गेलेला असतो. मासिक अहवाल मात्र वेळेत आणि १०० टक्के पूर्ण दिसतो. म्हणूनच फक्त पूर्णता आणि वेळेवर सादरीकरण या दोन आकड्यांवर विसंबू नका.

त्याच डेटात रक्तदाबाच्या आकड्यांचा शेवटचा अंक बघा. डिजिटल यंत्राने मोजलं असेल तर शून्य ते नऊ प्रत्येक अंक साधारण १० टक्के यायला हवा. पाऱ्याच्या किंवा डायलच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, तिथे सम अंक प्रत्येकी २० टक्के. निम्म्याहून जास्त नोंदी शून्यावर संपत असतील किंवा १२०/८० च रांगेने येत असेल, तर आकडे अंदाजाने टाकले जाताहेत किंवा फॉर्ममध्ये ती किंमत आधीच भरून ठेवलेली आहे. जन्मतारखांत १ जानेवारीची गर्दीही अशीच तपासा. तिच्यामुळे एकाच माणसाच्या दोन नोंदी ओळखणं अवघड होतं.

आता प्रत्यक्ष केंद्रात. कागदी रजिस्टर अजून चालू आहे का, ते विचारू नका, बघा. असेल तर कर्मचाऱ्याला दोष देऊ नका. दुहेरी नोंद का टिकते याची कारणं ठोस असतात: वरचं कार्यालय अजून सही-शिक्क्याचं रजिस्टर मागतं, वीज गेल्यावर बॅटरी पुरत नाही, किंवा ऑफलाइन भरलेल्या नोंदी सिंक होताना (सर्व्हरवर चढताना) हरवतात आणि विश्वास उडतो. मोबाईल हातात घेऊन न पाठवलेल्या नोंदी किती साचल्यात ते बघा. काही रुग्णतपासण्यांच्या वेळी घड्याळ लावून लिहिण्यात किती मिनिटं गेली ते मोजा, कागद वेगळा, स्क्रीन वेगळी. लॉगिन सामायिक आहे का, बदली झालेल्यांची खाती चालू आहेत का, बॅकअपमधून डेटा परत आणून कधी पाहिलाय का, हेही विचारा.

संदर्भसेवेसाठी २० रुग्ण निवडून त्यांचा माग काढा: केंद्राने पाठवलं, रुग्णालयात पोहोचले, उत्तर परत आलं. साखळी बहुधा तिसऱ्या टप्प्यावर तुटते. प्रयोगशाळेचा निकाल आपोआप येतो की कुणी पुन्हा टाइप करतं, तेही पाहा.

निर्णयाची पायरी तपासायला मागच्या तीन बैठकांची इतिवृत्तं मागा. त्यात एखादा आकडा, त्यावर ठरलेली कृती, जबाबदार माणूस आणि पुढच्या बैठकीत तिचा आढावा आहे का? मग कर्मचाऱ्याला लसीकरणाचं प्रमाण काढून दाखवायला सांगा. आरोग्य माहिती प्रणाली तपासण्याच्या प्रिझम या चौकटीत तांत्रिक, संघटनात्मक आणि वर्तनविषयक अशी तिन्ही कारणं वेगळी तपासतात आणि अशी कौशल्यचाचणीही घेतात. ती साधनं तयारच आहेत, वापरा. रुग्णालयांतल्या इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीची शून्य ते सात टप्प्यांची एमरॅम मोजपट्टी छोट्या केंद्रांना लावू नका, ती वेगळ्या कामासाठी आहे.

प्रणाली कोणत्या रुग्णांपर्यंत पोहोचतच नाही, तेही बघा. निरोप ज्या नंबरवर जातात तो फोन रुग्णाचा स्वतःचा आहे की घरातल्या दुसऱ्याचा, हे दहा-पंधरा रुग्णांना विचारलं तरी चित्र बदलतं.

शेवटी सगळ्याचा मिळून एक गुण काढायचा मोह टाळा. प्रत्येक केंद्रासाठी कोणती पायरी अडली एवढं लिहा. दुरुस्ती त्यावरून ठरते. आणि प्रणाली आल्यानंतर आजाराचे आकडे वाढलेले दिसले तर आजार वाढला असं लिहू नका. आधी सुटणाऱ्या नोंदी आता पकडल्या जात असतील. फरक प्रणालीमुळेच पडला म्हणायचं असेल तर आधीचे आणि नंतरचे किमान बारा-बारा महिने मांडा, आणि प्रणाली अजून न पोहोचलेली काही केंद्रं तुलनेला ठेवा.