सोशल मीडियावर नवीन असताना तुमची सगळ्यात मोठी फजिती काय झाली? आणि शिकायला किती वेळ लागला?

फजिती विचारताय तर सांगते, पण हसायचं नाही.

मी 57व्या वर्षी फेसबुकवर पहिलं अकाउंट उघडलं. तिसऱ्या दिवशी शाळेतली एक मैत्रीण शोधायची होती. मधे बरीच वर्षं आमचं बोलणं बंद होतं, कशावरून बिनसलं ते आता धड आठवतही नाही. तर स्क्रीनवर जो मोठा चौकोन दिसला त्यात तिचं आडनावासकट नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. काहीच सापडलं नाही म्हणून फोन ठेवून दिला. संध्याकाळी बघते तर माझ्या वॉलवर तिच्या नावाची पोस्ट, पुढेमागे एक शब्द नाही, आणि खाली रांगेने हात जोडलेले, भावपूर्ण श्रद्धांजली, एकाने तर फार मोठ्या मनाची बाई गेली असंही लिहून टाकलेलं, ज्याने तिला जन्मात पाहिलं नाही!! शोधायचं भिंग वर कोपऱ्यात असतं हे मला कोण सांगणार. तो चौकोन विचारत होता तुमच्या मनात काय आहे, आणि माझ्या मनात तेव्हा तेच नाव होतं. मुलीने पोस्ट डिलीट करून दिली, म्हटलं सुटले.

आता शिकण्याबद्दल. घरच्यांकडून शिकायचं असेल तर एकच अट घाला, फोन माझ्या हातात राहील. नाहीतर ती मुलं फोन ओढून घेतात, टिकटिकटिक करतात, हे बघ झालं म्हणतात आणि आपल्या डोक्यात शून्य. मी वहीत पायऱ्या लिहून ठेवायचे, तीन टिंबं दाबणे, मग सेटिंग वगैरे, आणि दोन महिन्यांनी अपडेट यायचं की ती टिंबं भलतीकडे. वही वाया. मग सरावासाठी एक जागा सापडली, व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, त्यात फोटो टाका, व्हॉइस रेकॉर्ड करा, पुसा, परत टाका, कोणाला त्रास नाही. फेसबुकवर पण पोस्ट टाकताना कोणाला दिसणार ते निवडता येतं, तिथे फक्त मी असं ठेवून मी पंधरा-वीस पोस्टी अशाच टाकल्या असतील. बरं, व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांत दुरुस्त करता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट पण करता येतो, फक्त तिथे मेसेज डिलीट केला अशी पाटी राहते, आणि मग लोक विचारतातच काय होतं म्हणून.

फॉरवर्डचं व्यसन मलाही लागलं होतं, उगाच नाही म्हणणार नाही. सकाळी उठलं की दहा ग्रुपवर ढकलायचे. मग एकदा मेसेज एकावेळी एकापेक्षा जास्त चॅटला जाईना, मला वाटलं फोन बिघडला. तर म्हणे ज्या मेसेजवर दोन बाण दिसतात तो आधीच खूप हातांतून फिरून आलेला असतो आणि 2020 पासून तसा मेसेज एकावेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तेव्हापासून दोन बाण दिसले की मी जरा थांबते, आरोग्याचा सल्ला असेल तर जास्तच. आणि हो, अकाउंट उघडायला फोनवर येतो तो सहा आकडी कोड कोणी मागितला, अगदी ओळखीच्या नावावरून चुकून तुझ्या फोनवर आलाय पाठव ना असा मेसेज आला, तरी द्यायचा नाही. मी टाइप करत आले होते, पण ज्यांच्या नावावरून तो मेसेज आला त्या बाई मला कधीच अगं म्हणत नाहीत, इथे एकदम अगं! तिथे हात थांबला.

किती वेळ लागला म्हणाल तर बटणं दोन-तीन महिन्यांत येतात हो. आपल्याला कोण बघतंय हे कळायला मला वर्ष गेलं. म्हणजे बघा, ती मैत्रीण मला नंतर इन्स्टाग्रामवर सापडली. बोलायची हिंमत नव्हती म्हणून रोज रात्री तिची स्टोरी गुपचूप बघायचे, तिची बाग, तिची नात, मांजर. ज्याची स्टोरी त्याला बघणाऱ्यांची नावं दिसतात हे मला माहीतच नाही! मी आपली खिडकीतून डोकावल्यासारखी खुशाल रोज हजर. आणि एका रात्री तिचा मेसेज आला, काय गं, मी अजून जिवंत आहे का ते तपासायला येतेस का रोज?

मला घामच फुटला. ती पोस्ट तर तेव्हाच डिलीट केली होती ना. तेवढ्यात तिने फोटो पाठवला, माझी पोस्ट, खाली ते सगळे हात जोडलेले. स्क्रीनशॉट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.