नांगर टाकताना मध्यरात्रीचं पाणी मोजा

प्रश्न : अंबाझरीसारख्या तलावात शिडाची होडी चालवता येते. डिसेंबरात अलिबागजवळ खांदेरी-उंदेरीच्या बाजूला फिरून एक रात्र नांगर टाकून होडीतच काढायची आहे. नांगराला दोर किती सोडावा?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आधी तिथी बघा. तलावात पाणी जागचं हलत नाही. या किनाऱ्यावर ते सहा तासांत चढतं आणि पुढच्या सहा तासांत उतरतं. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची साधारण वेळ निघते. नेमकी वेळ आणि उंची मात्र छापील तक्त्यातूनच घ्या.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. दुपारी बाराच्या सुमारास भरती, संध्याकाळी सहाला ओहोटी, मध्यरात्री पुन्हा भरती. समजा, सहाला खोली 3 मीटर भरली आणि पाणी 4 मीटर चढणार आहे. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यापासून 1 मीटर उंच, म्हणजे हिशेब 8 मीटरचा. दोर असेल तर सातपट, 56 मीटर. सगळी साखळीच असेल तर पाचपट, 40 मीटर. संध्याकाळचं पाणी बघून 28 मीटर दोर सोडलात, तर मध्यरात्री तो जेमतेम साडेतीनपट उरतो. मग ओढ आडवी न राहता वरच्या दिशेने बसते आणि नांगर चिखलातून उपटला जातो. रात्री होड्या वाहतात त्या बहुधा अशाच.

अष्टमीला भांगाचं पाणी, चढउतार कमी, पण घडी उलटी. सहाला भरती, मध्यरात्री ओहोटी. संध्याकाळी 4 मीटर दिसलेलं पाणी 2 मीटर उतरलं, तर 1.2 मीटर बुडणाऱ्या होडीखाली 80 सेंटिमीटरच उरतं. थोडी लाट आली की कणा तळाला आपटेल. तिथे थांबू नका.

दोर वापरत असलात तरी नांगराजवळ 6-8 मीटर साखळी हवीच. खांदेरी-उंदेरीभोवती खडक आहेत, त्यात नांगर अडकतो. चिखल किंवा वाळू शोधा आणि मच्छीमारांच्या जाळ्यांपासून लांब राहा. होडी वाऱ्याकडे तोंड करून पूर्ण थांबू द्या, नांगर अलगद तळाला टेकवा, होडी मागे सरकेल तसा दोर सोडत जा. शेवटी तो बांधून इंजिन हळू उलटं चालवा. किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचा दिवा एका रेषेत धरा. रेषा मोडत गेली तर नांगर सरकतोय. दोर नाळेवर घासतो तिथे जुन्या नळीचा तुकडा चढवा.

प्रश्न : रात्री होडी आपोआप फिरते, ते धोक्याचं आहे का?

उत्तर : फिरणारच. संध्याकाळचा खारा वारा पडून पहाटेकडे जमिनीवरून मतलई सुटतो, शिवाय प्रवाहही दिशा बदलतो. दोराची लांबी अधिक होडीची लांबी एवढं वर्तुळ चारी बाजूंनी मोकळं ठेवा. उलट ओढीने नांगर निघून पुन्हा रुतायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक पालटाच्या वेळी एकाने जागं राहावं. आणि चहूकडून दिसणारा पांढरा दिवा रात्रभर लावून ठेवा. पहाटे मच्छीमार बोटी याच पाण्यातून निघतात.