पहिल्यांदाच खुडूक झालेल्या (अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या) तलंगीखाली, म्हणजे कोवळ्या कोंबडीखाली अंडी ठेवावीत, की ती मशीनमध्ये उबवावीत?

तलंगीखालीच ठेवा. "कोवळ्या कोंबडीला आईपण जमत नाही" असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांनी तलंग कधी नीट निरखलेली नाही.

गोराईला आमच्या घरामागे अजून खुराडं आहे. तिथली एक काबरी तलंग, नुकतीच अंड्यावर आलेली, शिमग्यानंतर लाकडांच्या ढिगामागे जाऊन बसली. हात नेला की पिसं फुलवून कुरकुरायची. छातीची पिसं उपटून खाली अंथरलेली. थोरले दीर म्हणाले, "हिला काय कळतंय, अंडी नासवील. बादलीत बुचकळ, खुडूक मोडेल." मी बुचकळू दिली नाही. अंगातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे तिला बसायला लावणारं संप्रेरक, बुचकळून उतरत नाही. कोंबडी गारठते, वाळली की परत जागेवर. मोडायचीच असेल तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवतात.

तिची स्वतःची अंडी बारीक होती, ती ठेवली नाहीत. थोरल्या कोंबडीची घेतली आणि अंधार पडल्यावर हळूच खाली सरकवली. दीरांचं पालुपद चालूच: म्हातारीखाली ठेव, तिला सवय आहे. पण म्हातारी खुडूक नव्हती. जी बसायलाच तयार नाही, तिची सवय काय कामाची?

काबरी दिवसातून एकदाच उठायची. घाईघाईत खायची, धुळीत लोळायची, भलीमोठी घाण वासाची विष्ठा टाकायची आणि परत अंड्यांवर. पिलं फुटायच्या आदल्या दिवशी कवचातून चिवचिव यायला लागली आणि ती खालच्या पट्टीत त्यांना उत्तर द्यायला लागली. हे तिला कोणी शिकवलं होतं? पिलं बाहेर आल्यावर तांदळाची कणी चोचीत धरून कुटकुट करायची, खाली टाकायची, स्वतः गिळायची नाही. बोका अंगणात आला तेव्हा पंख पसरून सरळ त्याच्या तोंडावर गेली. दीर ओट्यावर बसून बघत होते. तरी आजही म्हणतात, नशीब होतं. नशीब नव्हतं. 21 दिवस तिच्या वाटेला कोणी गेलं नाही, म्हणून जमलं.

ही आमची गावठी होती, हे मात्र लक्षात घ्या. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींमधून खुडूकपणा निवडीनं जवळजवळ काढून टाकलेला आहे, आणि कडकनाथही सहसा नीट बसत नाही. पहिलटकरणींपैकी काही पहिलं पिलू हललं की दचकून टोचतात. त्या दिवशी लक्ष ठेवा, पिलं काढून ठेवायला खोक्यात बल्ब लावून तयार ठेवा. दुसऱ्या कोंबड्या तिच्या जागेत अंडी घालतात, म्हणून तिच्या अंड्यांवर पेन्सिलीनं खूण करा. तलंग लहान चणीची असेल तर सात-आठच ठेवा. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात.

आणि मुंबईत घूस आहे. रात्री अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी चारी बाजूंनी आणि खालूनही हवी. प्लॅस्टिकची जाळी ती कुरतडते.