‘पोरगा नोकरी करतो की डोंगर?’

कराडहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. महावितरणमधून निवृत्त झालेले. मोठा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला तीन वर्षं काढून अडीच वर्षांपूर्वी जर्मनीत स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. ते लिहितात: ‘ब्लू कार्ड की काय म्हणतात, त्यावर गेलाय. दर शनिवार-रविवारी कुठल्या तरी डोंगरावरचे, तळ्याकाठचे फोटो येतात. हुद्दा गेला त्या दिवशी होता तोच आहे. फ्लॅटचं नाव काढलं की विषय बदलतो. पोरगा तिकडे नोकरी करतो की डोंगर, हेच कळत नाही. धाकटी सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला आता दादासारखं जगायचंय. तिला पाठवावं का? आणि याला काही समज द्यावी का? हिचं म्हणणं तिसरंच, तो वाळलाय म्हणते.’

सप्रेम नमस्कार.

आधी एक विचारतो. मंगळवारचा फोटो कधी आलाय तुम्हाला?

येणार नाही. पत्रांना असा सल्ला द्यायच्या कामात पडायच्या आधी मीही त्याच भागात, एसलिंगेनला, चार वर्षं नोकरी केली. नोव्हेंबरातला मंगळवार म्हणजे काय ते सांगतो. सकाळी सातला कारखान्यात हजर, म्हणजे घर सोडायचं अंधारात. संध्याकाळी साडेचारला परत अंधार. लोकल उशिरा. वाटेत दुकानात शिरायचं, तिथली गल्ल्यावरची बाई सामान अशा वेगानं पुढं ढकलते की आपण एका हातानं पैसे देतोय, दुसऱ्यानं पिशवी भरतोय आणि मागची रांग आपल्याकडे बघतेय. खोलीवर येऊन कुकर लावेपर्यंत सहा. आता घरी फोन करावा म्हटलं, तर हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर, कराडला साडेदहा वाजलेले. तुम्ही झोपलेले. मग ‘शनिवारी बोलू’ म्हणून फोन खाली ठेवायचा.

म्हणून तुम्हाला त्याचा फक्त शनिवार-रविवार दिसतो. पाच दिवस तो तुमच्या घड्याळाच्या बाहेर असतो.

बरं, शनिवार तरी सगळा त्याचा असतो का? सकाळी आठवड्याचा बाजार उरकायचा, कारण रविवारी तिथं दुकानं बंद. पेट्रोल पंप, स्टेशनातली एखाद-दुसरी दुकानं आणि सकाळी काही तास बेकरी, एवढंच उघडं. ही नुसती रीत नाही. रविवार विश्रांतीचा, हे १९१९च्या वायमार घटनेतलं कलम त्यांनी आजच्या राज्यघटनेत जसंच्या तसं चालू ठेवलंय. मला हे कोण सांगणार? पहिल्या रविवारी घरात दोन बटाटे आणि अर्धं लिंबू होतं. त्यात रिकाम्या काचेच्या बाटल्या साठलेल्या, म्हटलं तेवढं तरी काम करू, म्हणून कोपऱ्यावरच्या मोठ्या डब्यात टाकायला गेलो. दुसरी बाटली फुटल्याचा आवाज झाला आणि वरच्या खिडकीतून एक आजोबा ओरडले. शब्द कळले नाहीत, पण सूर अगदी आपल्या वाड्यातला होता. रविवारी बाटल्या फोडायच्या नसतात, भिंतीला ड्रिल लावायचं नसतं.

त्या भागातली आणखी एक गंमत सांगतो, तुमच्या घरी आवडेल. तिला म्हणतात केरवोखं. वोखं म्हणजे आठवडा. केर मात्र आपलाच वाटतो, आणि अर्थही तोच निघतो! इमारतीचा जिना झाडून-पुसून काढायची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे येते. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी टांगतात. माझ्या दाराला ती लटकलेली पाहून मला ती कुणाची तरी जाहिरात वाटली, मी ती उचलून जिन्यातल्या खिडकीत ठेवून दिली. दोन दिवसांनी तळमजल्यावरच्या आजी बादली आणि पोछा घेऊन वर आल्या. पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं, ते मला दाखवलं, आणि कसं पुसायचं ते स्वतः वाकून शिकवलं. फरशीवर पाणी उरता कामा नये, कठडाही पुसायचा, हिवाळ्यात बर्फ पडला तर दारापुढची वाट मोकळी करायची. त्या भागातली, म्हणजे स्वाबियन माणसं काटकसरी आणि टापटिपीची. पुण्याच्या माणसाला तिथं फार परकं वाटत नाही ते त्यामुळं, असं माझं मत.

तर बाजार, कपडे, जिना उरकून झाल्यावर रविवार उरतो. रस्ता शांत, दुकानं बंद, शेजारी आपापल्या घरात. एकट्या माणसाला त्या दिवशी दोनच जागा असतात. एक खोली, दुसरं बाहेर. खोलीतले रविवार मी पहिल्या हिवाळ्यात काढले. दुपारी बारापर्यंत लोळायचं, जुन्या मालिका बघायच्या, पुण्यातल्या मित्रांच्या लग्नाचे फोटो बघत बसायचं. मार्चपर्यंत माझं कामावर लक्ष लागेना, साहेबांनी बाजूला घेऊन विचारलं. तुमचा मुलगा बाहेर पडतो. मला विचाराल तर परदेशातल्या नोकरीतलं हे अर्धं काम असतं आणि ते त्याला जमलंय.

खर्चाचं म्हणाल, तर तुम्ही समजता तेवढा होत नसावा. जर्मनीत एक मासिक तिकीट आहे, २०२३च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ला ६३ युरोंवर गेलं. त्यावर देशभरातल्या लोकल, बस, ट्राम आणि पॅसेंजर गाड्या चालतात. जलद गाड्या तेवढ्या चालत नाहीत. कामावर जायला तो ते काढतच असणार, रविवारची सहल त्याच पासावर. सोबत डबा. फोटोत ते भव्य डोंगर दिसतात ना, ती बहुतेक स्वाबियन आल्ब ही तिथली डोंगररांग असणार. तिचं सर्वांत उंच शिखर १०१५ मीटर, आपल्या महाबळेश्वरापेक्षा कमी. बाड उराखचा धबधबा ३७ मीटरचा. ठोसेघर पाहिलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक! पण वाट अशी आखलेली की चुकायची सोय नाही, झाडाझाडावर रंगीत खुणा. ती कामं १८८८ साली स्थापन झालेला तिथला एक गिर्यारोहक संघ आजही करतो. तुम्ही निवृत्तीनंतर रोज पहाटे आगाशिव चढता असं पत्रात ओघात लिहिलंय. पोरगं कुणावर गेलंय मग?

आता हुद्द्याचं. आपल्याकडे दोन वर्षांत कार्डावरचं नाव बदललं नाही तर माणूस मागं पडला असं धरतात. तिकडे दहा-दहा वर्षं माणूस त्याच नावानं काम करतो आणि पगाराची श्रेणी मात्र वर जात असते. कंपनी तिथल्या धातुउद्योगाच्या कामगार करारात असेल, तर स्टुटगार्टच्या राज्यात, म्हणजे बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये, अशा सतरा श्रेण्या आहेत, आठवडा ३५ तासांचा आणि रजा वर्षाला ३० दिवस. करारात नसेल तर कायद्यानं किमान २० दिवस रजा मिळते, बाकी सगळं कंपनीवर. तेव्हा ‘मॅनेजर कधी होणार’ हे विचारू नका. ‘तुमची कंपनी करारात आहे का, आणि तू कितव्या श्रेणीत आहेस’ हे विचारा. यावर तो चटकन बोलला तर समजा डोकं ठिकाणावर आहे. आणि फ्लॅटच्या हप्त्याचा हिशेब करताना हे धरा, की एकट्या माणसाच्या पगारातून कर, आरोग्य विमा, पेन्शन मिळून तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा जास्तच आधी कापलं जातं, आणि त्यातून भाडं जायचं असतं.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणारा युरोपातला कामाचा परवाना. त्यावरच्या माणसाला साध्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, बी-वन, म्हणजे मधली पातळी असेल तर २१ महिन्यांनीच. तुमच्या मुलाला तीस महिने झाले. अर्ज केला का? नसेल तर अडलंय कुठं? वाहनउद्योगात तिथं सध्या दिवस बरे नाहीत, माणसं कमी करण्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. ब्लू कार्डवर असताना नोकरी गेली तर परवान्याचं काय, ही टांगती तलवार राहते. कायम परवाना हातात असला की दुसरी नोकरी निवांत शोधता येते. समज द्यायचीच असेल तर डोंगर सोडा, या अर्जाबद्दल द्या.

अजून एक करा. त्याचे फोटो पुन्हा काढून बघा, पण डोंगर बघू नका. बाजूला कोण उभं आहे ते बघा.

हे मी माझ्या अनुभवावरून सांगतोय. त्या पहिल्या हिवाळ्यानंतर दोन वर्षं आम्ही आठ जण होतो. पुणे, कोल्हापूर, नागपूर. स्टुटगार्टहून पॅरिस जलद गाडीनं सव्वातीन तासांच्या आसपास, स्ट्रासबुर्ग दीड तासाच्या आत. जर्मनीचा परवाना असला की शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतली सीमा-तपासणी काढून टाकलेल्या युरोपातल्या देशांत, वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळं शुक्रवारी रात्री निघालं की निघालं. अकरा देश पाहिले. अकराही देशांत आम्ही मराठीतच भांडलो, मराठीतच रस्ता चुकलो. एकदा गाडी मध्येच दोन तुकड्यांत विभागली, आम्ही चुकीच्या डब्यात; स्पीकरवर तीनदा सांगितलं होतं, आठांपैकी एकालाही कळलं नव्हतं. त्या पोरांवाचून माझा निभाव लागला नसता, हेही खरं. पण त्यातल्या एका हिवाळ्यात पोटात कळ आली, तेव्हा डॉक्टरला ती कुठं आणि कशी येते हे मला सांगता येईना. ‘मुरडा’ म्हणायचं होतं, मी हातवारे करत होतो.

त्यानंतर मी गल्लीतल्या टेबल टेनिस क्लबात नाव घातलं. खेळ माझा सुमारच. पण दर गुरुवारी हॉलची किल्ली कुणाकडे आणि दिवा कोण चालू ठेवून गेला यावर तिथं जी वादावादी चाले, तिनं माझं जर्मन सुधारलं. कंपनीतही बैठका इंग्रजीत होतात, पण जेवणाच्या टेबलावर सगळे आपल्या स्वाबियन बोलीत जातात आणि पुढच्या कामावर कुणाला घ्यायचं याची पहिली कुजबुज तिथं होते. तिथं गप्प बसणारा माणूस तांत्रिक कामात कितीही तरबेज असला तरी तांत्रिक कामातच राहतो. तुमच्या मुलाच्या फोटोंत एखादा तिथला म्हातारा किंवा एखादं जर्मन कुटुंब दिसत असेल, तर काळजी करू नका. सगळे आपलेच चेहरे असतील, तर एवढंच सांगा, की महिन्यातला एक रविवार तिथल्या लोकांबरोबर काढ.

धाकटीचं वेगळं आहे. ती पास झाल्यावर बहुधा एमएससाठीच जाईल, आणि विद्यार्थ्याचा शनिवार-रविवार दादासारखा नसतो, तो बरेचदा हॉटेलात भांडी विसळण्यात किंवा गोदामात खोकी उचलण्यात जातो. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. दादाच्याच राज्यात शिकायचं म्हटलं तर युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सरकारी विद्यापीठातही सत्राला १५०० युरो फी आहे, २०१७पासून. इतर बहुतेक राज्यांत ती नाही. शिवाय जायच्या आधी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. दादाच्या गावातच जायचा हट्ट असेल तर ही फी डोळ्यांपुढं ठेवून करावा. आणि कुणी एजंट ‘२०२४ला महाराष्ट्र सरकारचा त्या राज्याशी करार झालाय, त्यात बसवून देतो’ म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. तो करार परिचारिका, इलेक्ट्रिशियन वगैरे कुशल कामगारांसाठी आहे, इंजिनिअरिंगच्या पदवीधरांसाठी नाही.

पाठवावं का, याला माझं उत्तर: आत्ता नको, दीड-दोन वर्षांनी जरूर. तेवढ्यात तिनं बी-वनपर्यंत जर्मन करावं, वर्ग ऑनलाइन चालतील, परीक्षा पुण्याला मॅक्सम्युलर भवनात देता येते. आणि पास झाल्यावर एक वर्ष रांजणगाव किंवा चाकणला नोकरी करावी, तीही पेइंग गेस्टचा डबा न लावता. स्वतःचं रांधणं, शनिवारी बाजार, आणि रविवारी घरी न पळता तिथंच राहणं. दर शनिवारी ती कराडची एसटी धरू लागली, तर तिलाच कळेल. तुम्ही काही बोलायची गरज पडणार नाही. दादालाही सांगा, बहिणीला एखादा मंगळवारचा फोटो पाठव. कुकरचा.

वहिनींना सांगा, तो वाळलेला नाही, चालतोय. खात्री करायची असेल तर दोघं जून महिन्यात जाऊन या. तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, धबधब्याची चढण तुम्हाला सहज जमेल. नोव्हेंबरात मात्र जाऊ नका, नाहीतर त्याला उगीच सोबत घेऊनच परत याल. आणि जाताना सातारचे कंदी पेढे भरू नका. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. माझ्या आईचे दोन किलो गेले. भाजणी आणि मेतकूट न्या.