शफलबॉटम, बोथम आणि आपला बुंधा

'शफलबॉटम' असं आडनाव खरंच असतं का, आणि त्याचा अर्थ 'पार्श्वभाग हलवत चालणारा' असाच ना, असं एकाने विचारलं आहे. आडनाव खरं, अर्थ साफ चुकीचा. इंग्लंडचा रायन साइडबॉटम गोलंदाजीला आला की टीव्हीसमोर लोक असेच खिदळायचे, तेव्हापासून हे डोक्यात जातं.

या आडनावांतलं 'बॉटम' म्हणजे दरीचा तळ, सखल खोलगट जमीन. माणसाच्या बैठकीला बॉटम म्हणू लागले ते अठराव्या शतकाच्या अखेरीला. इंग्लंडमधल्या लँकेशायर-चेशायरकडची ही आडनावं त्याच्या कितीतरी आधी रुळलेली. दरे गावचा तो दरेकर, तसंच हे. साइडबॉटम रुंद दरीतला, विंटरबॉटम हिवाळ्यात गुरं चारायच्या दरीतला. शफलबॉटम म्हणजे लँकेशायरमधल्या शिपरबॉटम या जागेचं नाव बोलता बोलता बदललेलं. मेंढी, झरा आणि दरी हे तीन जुने शब्द त्यात आहेत. ते विसरले गेले आणि ओळखीचा 'शफल' तिथे येऊन बसला.

रॅम्सबॉटमचा अर्थ मात्र कोशवाल्यांनीही अर्धवटच लावला आहे. 'रॅम' म्हणजे एडका, म्हणून 'एडक्याची दरी' हा पर्याय ते सोडायलाच तयार नाहीत. मला तो अजिबात पटत नाही. जुन्या इंग्रजीत 'ह्राम्सा' म्हणजे रानलसूण. ओलसर, सावलीच्या जागी झाडांखाली ती माजते, वसंतात जमीन झाकून टाकते, पान चुरगळलं की बोटांना लसणाचा वास राहतो. केंब्रिजशायरमधल्या रॅम्सीचा अर्थ 'रानलसणीचं बेट' असा लावतात. मग अर्वेल नदीकाठच्या रॅम्सबॉटम गावालाच एडका का? एडका आज या कुरणात, उद्या त्या. लसूण दर वर्षी त्याच उतारावर उगवते, आणि जागेला नाव पडतं ते अशा टिकाऊ खुणेवरून.

'बॉटम'चंच दुसरं जुनं रूप 'बोथम'. होय, इयान बोथमचं. १९८० साली वानखेडेवर एकाच कसोटीत ११४ धावा आणि १३ बळी घेऊन ज्याने आपल्याला झोपवलं, तोही आडनावाने दरीतलाच. त्याला कुणी हसलं नाही, कारण स्पेलिंग वेगळं.

आणि आता खरी मौज. संस्कृतात 'बुध्न' म्हणजे तळ. बॉटम आणि बुध्न एकाच मुळातून फुटलेले. बुध्नचं प्राकृतात झालं 'बुंध', आणि त्याचाच आपला झाडाचा बुंधा. उत्तराभाद्रपदा नक्षत्राची देवता अहिर्बुध्न्य, म्हणजे खोल तळाशी राहणारा सर्प. त्याच्या नावातही हाच बुध्न. लॅटिनमधला 'फुंडुस' याच कुळातला, आणि फारसीतून आलेल्या 'बुनियाद'मधला 'बुन'सुद्धा.