हरत नाही, पण रेटिंग घसरतंय

"मॅडम, ती हरत नाहीये. पण रेटिंग घसरतंय. असं कसं होतं?"

खुर्चीत टेकायच्या आधीच बाबांनी हे विचारलं. हातात मोबाईल, त्यात एक्सेलचा तक्ता: बुद्धिबळाची स्पर्धा, राउंड, समोरच्याचं रेटिंग, निकाल, झालेला खर्च. अकरा वर्षांची लेक आईला चिकटून बसली होती. तिला मी इथे चिमी म्हणते; ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशीलही बदललेत. तिचं रेटिंग, म्हणजे निकालांवरून ठरणारे खेळाडूच्या ताकदीचे गुण, तीन स्पर्धांत १६४२ वरून १५७१ वर आलं होतं. कोच म्हणत होते, तयारी चांगली आहे. रोज दोन तास सराव होता. आणि स्पर्धेच्या दिवशी सकाळी हमखास पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही.

"बंद करावं का बुद्धिबळ, की अजून थोडं रेटावं?" आईंनी विचारलं.

सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांनी उभं केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे हा खेळ इथल्या घरांत मुरलेला आहे. त्यात जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून मुलींचे आईवडील जास्त उत्साहाने पटाकडे वळलेत. मला याचं मनापासून कौतुक आहे. काळजी वाटते ती "बाराव्या वर्षी १८०० हवेतच" अशा वेळापत्रकांची. दिव्या त्या स्पर्धेला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म, म्हणजे त्या किताबासाठी लागणारी ठरावीक दर्जाची स्पर्धेतली कामगिरी, नव्हता. ती जिंकली आणि थेट ग्रँडमास्टर झाली. कोणत्या तक्त्यात बसवलं असतं हे?

पुढच्या वेळी मी चिमीला एकटीला बोलावलं आणि स्कोअरशीट, म्हणजे डावातल्या चाली लिहायचे कागद, घेऊन यायला सांगितलं. स्पर्धेतलं बुद्धिबळ मला फारसं कळत नाही. मला डाव नाही, अक्षर बघायचं होतं. घाबरलेलं मूल कुठे घाईघाईने लिहितं, ते कागदावर दिसतं.

सत्तावीस डावांची शीट होती. अक्षर सुरेख. पण सात शीटवर तिसाव्या-पस्तिसाव्या चालीच्या आसपास एका चालीपुढे कंसात बरोबरचं चिन्ह होतं आणि तिथेच डाव संपलेला.

"हे काय गं?"

"ड्रॉ ऑफर झाला की तसं लिहायचं असतं, मावशी."

"कुणी केला ऑफर?"

बराच वेळ ती पेनचं टोपण काढत-लावत बसली. "मीच."

सातही वेळा तिनेच. नंतर कोचना ते डाव दाखवले, तर पाच डावांत तिचीच बाजू वरचढ होती. एकात तर ती अख्ख्या हत्तीने पुढे होती! समोरचा हरत असलेला खेळाडू ड्रॉला नाही कशाला म्हणेल?

"जिंकत होतीस की," मी म्हटलं.

"जिंकता जिंकता चूक झाली असती तर?"

"तर काय झालं असतं?"

"बाबा गाडीत बोलत नाहीत." मग थोड्या वेळाने, "ड्रॉ झाला की आम्ही कराडला जेवायला थांबतो. हरले की सरळ घरी."

पुण्याहून सांगलीपर्यंत चार-साडेचार तास. हे चार तास टाळण्यासाठी ती हत्तीने पुढे असताना हात मिळवत होती.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते गोंधळून गेले. "पण मी तिला कधी एक शब्द बोललो नाही, मॅडम." खरंच नव्हते बोलले. त्यांच्या वडिलांनी मार्कांवरून त्यांना चारचौघांत वाट्टेल ते सुनावलं होतं, म्हणून आपण गप्पच राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या दृष्टीने तो संयम होता. मागच्या सीटवरच्या मुलीला तो राग वाटत होता. या माणसाला दोष द्यायचं माझ्या मनातही आलं नाही. चांगलं करायला निघालेले किती बाप असेच गप्प होतात.

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच होतं. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० पेक्षा कमी रेटिंग असलेल्या मुलांसाठी फिडेचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा, 'के' ४० असतो. एका निकालाने रेटिंग किती हलायचं ते हा आकडा ठरवतो; तो मोठा असल्याने रेटिंग दोन्ही बाजूंना जोरात हलतं. १६४० च्या मुलीने १४४० च्या मुलाशी बरोबरी केली, तर तिचे सुमारे १० गुण जातात. जिंकली, तर जवळपास तेवढेच मिळतात. असे सात ड्रॉ म्हणजे सत्तरेक गुण गेलेच. म्हणून पालकांना मी सांगते, या वयात रेटिंग रोज बघू नका. यादी दर महिन्याच्या एक तारखेला लागते, तेव्हा बघा, तेही मुलासमोर नको.

बंद करण्याबद्दल माझं म्हणणं असं, की हरलेल्या आठवड्यात असा निर्णय घेऊच नये. स्पर्धा नसताना, कुणी सांगितलं नसताना मूल स्वतःहून पट मांडतं का, ते महिनाभर बघावं. मांडत नसेल, तर त्याला सुटी द्या आणि ती मोकळ्या मनाने द्या. चिमी आजीकडे गेली की मामेभावाला बसवून डाव मांडायची, रात्री पांघरुणात कोडी सोडवायची. खेळ नकोसा झाला नव्हता. हॉलच्या दारापासून बाबांपर्यंतची वीस पावलं नकोशी झाली होती.

मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या. कोचनी चिमीला सांगितलं, पुढच्या दोन स्पर्धांत तू स्वतःहून ड्रॉ मागायचा नाही. निकाल काही का लागेना. बाबांनी हॉलच्या काचेपाशी उभं राहायचं नाही, कारण खेळताना तिचे डोळे तिकडे जात. बाहेर आल्यावर "काय झालं?" विचारायचं नाही, आधी पाणी आणि डबा, बोलायचं असेल तर ती बोलेल. रडली तर रडू द्यायचं. हरल्यावर पंधरा मिनिटं रडणारं मूल मला ठणठणीत वाटतं, जिंकत असताना घाबरणाऱ्याची मला काळजी वाटते. लॉजवर रात्री मोबाईलवर इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, लावून चुका दाखवणं बंद, दुसऱ्या दिवशी सकाळी राउंड असतो. डाव घरी आल्यावर कोचबरोबर बघायचा आणि तोही आधी स्वतः विचार करून. खर्चाचा रकाना तक्त्यातून काढला नाही तरी चालेल, पण त्याची चर्चा गाडीत नको. आणि कराडला थांबायचं ते भूक लागली म्हणून, निकाल काहीही असो.

बाबांना यातलं सगळ्यात जड काय गेलं असेल, तर निकालाचं पान उघडायचं नाही हे. पहिल्या स्पर्धेत आईंनी सरळ त्यांचा मोबाईल पर्समध्ये ठेवून दिला.

त्या स्पर्धेत चिमी चार डाव हरली. शेवटचा हत्ती-प्याद्यांचा डाव चौऱ्याहत्तर चालींपर्यंत गेला आणि तोही हरली. रेटिंग अजून खाली आलं. पण एकाही शीटवर तिने मागितलेला ड्रॉ नव्हता आणि पोट पहिल्या दिवशी सकाळी दुखलं तेवढंच. कराडच्या हॉटेलात थालीपीठ येईपर्यंत तिने पिशवीतून गुंडाळायचा पट काढला, टेबलावर पसरला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही काळी घ्या, मी दाखवते कुठे चुकले."

बाबांना बुद्धिबळ येत नाही. सहा वर्षं मुलीला स्पर्धांना नेणाऱ्या या माणसाने पहिल्यांदाच सोंगटी हातात घेतली आणि घोडा सरळ पुढे सरकवला.

"असा नाही हो," चिमी म्हणाली आणि त्यांचा हात धरून त्याला अडीच घरं चालवून आणलं.