वाचक विचारतात : उषाचा शतांश

प्रश्न : सर, आमच्या घरी वाद पेटला आहे. पी. टी. उषानं 1984 च्या ऑलिंपिकमध्ये रेषेवर छाती पुढे टाकली नाही म्हणून पदक गेलं, असं माझे थोरले बंधू छातीठोकपणे सांगतात. एक शतांश सेकंद म्हणजे नेमका किती फरक? आणि ती तर शंभर-दोनशेची धावपटू, मग अडथळ्यांच्या शर्यतीत गेलीच कशाला? (एक वाचक)

उत्तर : बंधूंचं खोटं नाही, पण अर्धंच आहे.

आधी हिशेब करू. लॉस एंजेलिसला 400 मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू 55.41 सेकंदांत तिसरी आली, उषा 55.42 मध्ये चौथी. उषाचा सरासरी वेग सेकंदाला सव्वासात मीटरच्या आसपास पडतो. त्याचा शंभरावा भाग सात सेंटिमीटर. हाताची चार बोटं जुळवून धरा, साधारण तेवढंच. डोकं, हात, पाय रेषेपलीकडे गेले तरी धरत नाहीत, धड पोचावं लागतं. म्हणून तर छातीची एवढी चर्चा.

मी बरीच वर्षं स्पर्धांमध्ये स्टॉपवॉच घेऊन रेषेवर बसलो आहे. हातानं घेतलेली वेळ पुढच्या दशांशाला न्यायची, असा नियम. म्हणजे माझ्या कागदावर दोघींपुढे 55.5 लागलं असतं आणि तिसरी कोण, यावर पंचांची जुंपली असती. तिथे कॅमेरा होता, त्यानं निकाल लावला.

आता छातीचं. शेवटचा अडथळा ओलांडल्यावर रेषेपर्यंत 40 मीटर उरतात. तोवर दहा अडथळे झालेले, पाय लाकडाचे. त्या अवस्थेत छाती टाकायची ती नेमक्या पावलाला. एक पाऊल आधी झुकलात तर वेग मरतो. हे अंगात भिनायला त्याच शर्यती पुन्हा पुन्हा पळाव्या लागतात, आणि उषाच्या गाठीशी या प्रकारातल्या शर्यती फारच थोड्या होत्या. शिवाय शर्यत एकदा सुटली होती, तेव्हा उषा झकास निघाली होती. पण दुसऱ्या एका धावपटूनं घाई केल्यामुळे सगळ्यांना परत बोलावलं. मोडलेली लय पुन्हा जुळवणं काय असतं, ते ब्लॉकवर बसलेल्यालाच विचारा. मला विचाराल तर सात सेंटिमीटर तिथेही सांडले असतील.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. मॉस्कोला 1980 मध्ये ती सोळा वर्षांची पोर, शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीतच बाहेर. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत शंभर आणि दोनशेत रौप्य. पुढच्याच वर्षी कुवेतच्या आशियाई अजिंक्यपदात 400 मीटरचं सुवर्ण. म्हणजे वेग होता, आणि तो पूर्ण फेरीभर टिकतो हेही दिसलं होतं. महिलांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये 1984 लाच पहिल्यांदा आली. नुसत्या शंभर मीटरमध्ये जगाशी गाठ घालण्यापेक्षा या नव्या शर्यतीत दार किलकिलं आहे, हे तिचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांनी ओळखलं. महिलांसाठी अडथळ्याची उंची 76.2 सेंटिमीटर, दोन अडथळ्यांमध्ये 35 मीटर. तिथे उडीपेक्षा पावलं मोजून बसवणं महत्त्वाचं. उपांत्य फेरी तिनं जिंकली, म्हणजे नंबियारांचा अंदाज काही चुकला नव्हता. सुवर्ण मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किलनं नेलं, तिच्या देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण.

खाण्याचंही एक कारण उषानंच पुढे सांगितलं आहे : तिथलं जेवण रुचत नव्हतं, पेज आणि लोणच्यावर दिवस काढले. शेवटच्या 35 मीटरमध्ये त्याचा फटका बसला, असं तिचं म्हणणं. बंधूंना हेही सांगा.

आणि एवढं सांगून झाल्यावर त्यांना 1985 चं जकार्ता विचारा. आशियाई अजिंक्यपद. शंभर, दोनशे, चारशे, चारशे अडथळे आणि 4x400 रिले, पाच सुवर्णं. वर 4x100 रिलेचं कांस्य. पुढच्या वर्षी सोल आशियाई स्पर्धेत आणखी चार सुवर्णं. शंभर मीटरमध्ये मात्र फिलिपिन्सच्या लिडिया डी वेगानं तिला रौप्यावर थांबवलं. इतक्या वर्षांत मला लॉस एंजेलिसबद्दल कितीतरी पत्रं आली. जकार्ताला तिनं छाती कशी टाकली, हे विचारणारं एकही नाही.